सरांच्या भानाचं बोट

कुणी नातेवाइकाने "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारलं की सर एकदम उखडायचे.

"मला काय वाटायचं? मला काय बी वाटत न्हाई. ह्यो हात बगा. दोन बोटं भरल्यात, तीन मोकळी हायत. घाबरू नका, पण घराकडं बी जाऊ नका."

आणि केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेला हात त्या बिचाऱ्याच्या नाकासमोर धरायचे. हात सरांचाच असायचा. डावा पंजा कागदावर ठेवायचा, उजव्या हातातल्या बॉलपेनने त्याच्या कडेने रेघ फिरवायची, आणि मग एकेक बोट शाईने भरायचं किंवा मोकळं सोडायचं. स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट आला की दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत हा हात कागदावर आलाच पाहिजे, असा दंडक होता.

मी सांगलीची. शिक्षण संपवून कराड आणि विट्याच्या मधल्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं सरांच्या हाताखाली होते. चारी बाजूंनी ऊस, आणि मधे आमची पन्नास खाटांची इमारत. सर तिथले मुख्य फिजिशियन. उंच, कडेगावच्या बाजूच्या शेतकरी घरातले, डोक्यावर पांढऱ्या केसांचं कुरण. उभ्या उभ्याच सगळं करायचे. राउंड उभ्याने, ओपीडी उभ्याने, चहा उभ्याने. त्यांच्या खुर्चीवर एक्स-रेची पाकिटं बसलेली असायची. हाताखालच्या सगळ्यांना ते 'गड्या' म्हणत, त्यात मीही आले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सर, मी मुलगी आहे." ते म्हणाले, "मग? गड्या, त्यानं नाडी मोजायची र्‍हाती का?"

या दुखण्याचं एक वाईट असतं. स्वादुपिंड सुजलं की ते अन्न पचवायचं सोडून स्वतःलाच पचवायला लागतं. माणूस पोट धरून, पुढे वाकून ओरडतो. बहुतेक जण सलाईन आणि विश्रांतीवर आठवड्यात घरी जातात. पण थोड्यांची किडनी आणि फुप्फुसं दोन-तीन दिवसांत बसतात, आणि मग हाती काही राहत नाही. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही पेशंट सारखेच दिसतात. दोघांचं ओरडणं एकच. यातला कुठला बिघडणार, हे त्याच दिवशी ओळखायचं असतं.

जुना हिशेब अकरा गोष्टींचा होता आणि तो पुरा व्हायला अठ्ठेचाळीस तास लागायचे. त्याचं नाव काढलं की सर हात झटकायचे. "दोन दिस थांबून मग सांगायचं की माणूस लय आजारी हाय? ते त्येच्या म्हशीला बी कळंल तवर." म्हणून त्यांनी हा पाच गोष्टींचा, खाटेजवळ उभं राहून करता येणारा हिशेब धरला. अंगठा म्हणजे रक्तातली युरिया. त्याच्या शेजारचं बोट भानाचं. मधलं बोट ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चौघांचं मिळून. त्यातले दोन बिघडले की बोट भरायचं. चौथं वयाचं, साठीच्या वर असेल तर. करंगळी छातीत पाणी झालं असेल तर. दोन बोटांपर्यंत वॉर्ड. तीन झाली की आयसीयू, मग पेशंट हसत असला तरी.

निवडणुकीच्या दिवसांत एका म्हाताऱ्याच्या मुलाने तक्रार केली. तो कुठल्याशा पक्षाचा कार्यकर्ता होता. "डॉक्टर, आमच्या आबांच्या कागदावर पंजा कशापायी काढलाय?"

सर म्हणाले, "तुज्या चिन्हाला पाच बोटं असली तर सांग. त्ये काढतो."

नर्सेस त्यांना टरकून असत. कौतुक नाही, आभार नाहीत. कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर घ्यायचे, प्यायचे, परत द्यायचे. त्यांच्या तोंडून 'थँक्यू' ऐकलेलं माणूस त्या इमारतीत नव्हतं. मात्र शिव्यांत मोठी विविधता होती, आणि शिव्या मिळाल्या म्हणजे दिवस नेहमीसारखा चाललाय असं आम्ही समजायचो.

एकदा एक निवृत्त सुभेदार दाखल झाले. पिळदार मिशा, पोटात आग आणि तरीही खाटेवर ताठ बसायचा प्रयत्न. गाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. युरिया वाढलेली, नाडी आणि श्वास दोन्ही जोरात. दोन बोटं भरली. वय कागदावर अठ्ठावन्न.

सर सुभेदारांच्या गळ्याकडे, मनगटाकडे, कानाच्या पाळ्यांकडे बघत राहिले.

"ह्यो गडी अठ्ठावन्नचा न्हाई."

"रेकॉर्डला अठ्ठावन्न आहे, साब," सुभेदार म्हणाले.

"मी रेकॉर्डला तपासाय आलो न्हाई. तुमाला तपासतोय. खरं वय सांगा."

सुभेदारांनी ओठ मिटले. पोटातल्या कळेने त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण वय बाहेर येईना. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे पुण्याला कळवत्यात का? म्हंजी पेन्शनचं काय लफडं..."

भरतीच्या वेळी वय कमी लावलं होतं. आमच्या भागात ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण इथे त्या तीन-चार वर्षांवर एक बोट अडलं होतं, आणि त्या बोटावर आयसीयू. सुभेदार कबूल होईनात आणि सर खाटेपासून हलेनात. मागे बाकीचा राउंड ताटकळत उभा.

दाराशी सुभेदारांची थोरली बहीण बसली होती. नऊवारी, हातात पिशवी. सर तिच्याकडे वळले. "आक्का, कोयनंचा भूकंप झाला तवा ह्यो केवढा हुता?"

"दुसरीत हुता की," आक्का लगेच म्हणाली. "पहाटंचं समदं गदागदा हाललं, आन ह्यो पाटी कवटाळून बाहीर पळाला. अंगावर चड्डी न्हाई. म्हनला, घर पडू दे, पाटी फुटली तर मास्तर मारत्यात."

"आक्के!" सुभेदार ओरडले. आजारपणातला तो त्यांचा सगळ्यात मोठा आवाज.

आम्ही हिशेब केला. एकसष्ट. सरांनी पुढच्या बाजूला कागदावरचं अठ्ठावन्न तसंच ठेवलं, मागे हातावरचं चौथं बोट भरलं आणि त्याखाली लिहिलं, 'आक्काच्या हिशेबाने.' तीन बोटं झाली. सुभेदार आयसीयूत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी कमी झाली, किडनी कुरकुरायला लागली, पण ते आधीच योग्य जागी होते, तासातासाला कुणीतरी मोजत होतं. वॉर्डात असते तर ते आम्हाला सकाळच्या राउंडला कळलं असतं. बारा दिवसांनी ते चालत घरी गेले. जाताना सरांना कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "साब, जान वाचवली. आता वय बी वाचवा."

भानाच्या बोटाने मात्र माझी एकदा चांगली फजिती केली.

विट्याकडचे एक गृहस्थ आले होते. सोनं गाळायचा धंदा, आयुष्य तमिळनाडूतल्या एका गावात गेलेलं, भावकीतल्या लग्नाला म्हणून इकडे आलेले. त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. बायको जेवायला गेली होती. कळा जोरात. भान तपासायला मी विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"सेव्वाय," ते कण्हत म्हणाले.

"काय?"

"सेव्वाय! सेव्वाय!"

सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, शेवया मागतायत." तोंडाने पाण्याचा थेंबही बंद असलेला माणूस शेवया मागतोय, म्हणजे भान गेलंच. मी हात काढला, भानाचं बोट भरलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'वार विचारला असता शेवया मागतात.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तेवढ्यात त्यांची बायको आली. आम्ही सांगितलेलं ऐकून तिने तोंडाला पदर लावला. "आवं, दुखाय लागलं की त्ये तिकडचंच बोलत्यात. सेव्वाय म्हंजी मंगळवार. आज मंगळवारच हाय की."

मंगळवारच होता.

त्यानंतर सर आठवडाभर मला वार विचारत आणि तमिळमधून उत्तर मागत. सातही वार त्यांनी त्या गृहस्थांकडून शिकून पाठ केले होते. मला मात्र म्हणाले ते वेगळंच. "गड्या, वार इचारून भान कळत न्हाई. माणूस रोज कसा असतो त्ये आधी इचार. त्येच्या घरच्या माणसाला इचार. मग बोट भर." शिव्या न देता बोललेली त्यांची ती एवढी चारच वाक्यं माझ्या लक्षात आहेत.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, एका सकाळी ओपीडी चालू असताना, सरांनी खुर्चीवरची एक्स-रेची पाकिटं उचलून जमिनीवर ठेवली आणि ते बसले.

आम्ही सगळे थांबलो. समोरचा पेशंटसुद्धा बोलायचा थांबला.

"पोटात दुखतंय," सर म्हणाले. "पाठीत चाललंय. गड्या, लायपेज धाड."

लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाची सूज सांगणारी रक्ततपासणी, भरमसाठ वाढलेलं आलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. ते खडे सहा वर्षांपासून होते आणि सरांना ते माहीत होते, हे त्यांच्या बायकोने फोनवर आम्हाला सांगितलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा. कडेगावहून निघते म्हणाल्या.

खाटेवर पडल्या पडल्या सरांनी कागद मागितला. डावा पंजा ठेवला. पेन थरथरत होतं, म्हणून हात जरा लठ्ठ निघाला. वय चौसष्ट, एक बोट भरलं. नाडी आणि श्वास जोरात, दुसरं बोट. युरिया बरी होती. एक्स-रेत पाणी नव्हतं.

"आता भान," सर म्हणाले. "इचार."

"सर, आज वार कोणता?"

"गुरवार. मराठीत सांगतोय, शेवया वाढशील न्हाईतर."

"आपण कुठे आहोत?"

"तुज्यासारख्या ढ डॉक्टरच्या ताब्यात."

भान शाबूत होतं. दोन बोटं. "वॉर्डात र्‍हायचं," सरांनी स्वतःचा निकाल स्वतःच दिला. "आयसीयूत न्यायचा इचार बी करू नका. तितं पेशंट असत्यात."

दुपारभर मी दर तासाला जाऊन आले. दर तासाला वार विचारला, दर तासाला गुरुवार आला. शिव्या हळूहळू कमी होत गेल्या. दुखणं कमी झालं असेल असं मला वाटलं. खरं म्हणजे मी सुखावलेच.

चारच्या सुमाराला बाई आल्या. बारीक अंगाच्या, सरळ पाठीच्या. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर, ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

"बाई, मी आत्ताच तपासलं. वार, जागा, सगळं बरोबर सांगतायत."

"मी ओल्या कापसानं ओठ पुसले. तर मला म्हणाले, थँक्यू." तो कापूस अजून बाईंच्या हातात होता. "अडतीस वर्षं संसार केलाय मी. ह्या माणसानं मला थँक्यू म्हटलेलं नाही. आणि मला अहोजाहो करतायत. 'तुमाला लय तरास झाला,' म्हणाले."

शेवयांचा प्रसंग डोळ्यांसमोर होता. या वेळी चूक झाली तर ती सरांच्याच कागदावर, आणि बरे झाल्यावर ते मला जिवंत ठेवणार नाहीत. पण घरच्या माणसाला विचार, असं त्यांनीच सांगितलं होतं. इथे घरचं माणूस न विचारता सांगत होतं.

मी आत गेले. "सर, शंभरातून सात वजा करत चला."

"त्र्याण्णव," सर म्हणाले. बराच वेळ गेला. "त्र्याण्णव... मॅडम, तुमी जेवलात का?"

मॅडम!

"सर, तुम्हाला आयसीयूत न्यावं म्हणते."

"न्या की," सर हसून म्हणाले. "तुमाला बरं वाटंल तसं करा."

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातातला ट्रे खडखडला. मी कागद घेतला आणि सरांच्या देखत त्यांच्या भानाचं बोट भरलं. तीन. त्यांनी त्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर सुंदर हाय तुमचं." बोटाला अक्षर नसतं.

आम्ही त्यांना हलवलं. साताऱ्याहून सर्जनना बोलावलं. दिवेलागणीला ऑक्सिजन खाली यायला लागला. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत छातीत पाणी दिसलं, करंगळी भरली. मुदतीचे चोवीस तास संपता संपता हातावर चार बोटं काळी झाली होती आणि एकटा अंगठा मोकळा. सर नाकावर मास्क लावून श्वास ओढत होते आणि मधेमधे सगळ्यांचे आभार मानत होते. सलाईनच्या स्टँडचेही मानले. सिस्टर बाहेर येऊन रडायच्या. कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. बाई काचेपलीकडच्या बाकावर दिवसरात्र ताठ बसून होत्या. फक्त आत सोडलं की उठायच्या, त्यांच्या कानाशी वाकायच्या, आणि परत येऊन बसायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी केस लिहीत होते. आतून आवाज आला.

"ही सुई लावलीस का खुटा ठोकलास गं? हात हाय का म्हशीचं दावं?"

सिस्टर धावत बाहेर आली. चेहरा फुललेला. "मॅडम! सर शिव्या द्यायला लागले!"

बातमी जिन्यावरून खाली गेली. स्वयंपाकघरातल्या मावशी हात पुसत वर आल्या आणि काचेतून बघून गेल्या. एक्स-रेवाला आला. सगळ्यांना एकेक शिवी स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. बाईंनी पहिल्यांदा बाकाला पाठ टेकली आणि डोळ्यांना पदर लावला.

आठवड्याभराने सर उशीला टेकून बसायला लागले. पित्ताशय काढायची तारीख ठरली होती आणि त्यावरून सर्जनशी एक भांडणही झालं होतं. त्या दिवशी त्यांनी केसपेपर मागवला. मागची बाजू उलटली. चार काळी बोटं एकेक करून मोजली.

"भानाचं बोट कुणी भरलं?"

"मी, सर."

"कशावरनं? वार बरोबर हुता माझा."

"बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांना थँक्यू म्हणालात."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाटेच्या पायथ्याशी टॉवेलची घडी घालत होत्या. त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"मग बरोबर हाय," सर पुटपुटले. कागद बाजूला ठेवला. थोड्या वेळाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आनखी काय बोललो मी?"

"पुष्कळ बोललात," बाई म्हणाल्या.

"म्हंजी काय?"

"ते मी सांगणार नाही. ते कागदावर लिहायचं नसतं."

"आगं, रेकॉर्ड हाय ते. पेशंटला हक्क असतो."

"पेशंटला असेल. ते तुम्ही मला सांगितलंय."

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "गड्या, तू हुतास तितं. तुला ठावं हाय?"

मी होते. दुसऱ्या दिवशी सलाईन बदलताना मी त्यांच्या उशाशीच उभी होते. बाई वाकल्या होत्या आणि मास्कच्या आतून एकेक शब्द सावकाश येत होता. मला सगळं ऐकू आलं होतं. आत्ता बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. टॉवेल त्यांच्या छातीशी होता.

"नाही, सर," मी म्हटलं. "मास्कमुळे काही कळलं नाही."

दोन वर्षांत मी सरांना एवढंच एक खोटं सांगितलं.